झऱ्याच्या उबेवर आमसुलं: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीचं प्रकरण

गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. तापमानं आणि खेपांची माहिती गावातल्या महिला बचत गटाच्या वहीतली आहे, उष्णतेचे हिशेब त्यावरून मांडले आहेत.

पार्श्वभूमी

सह्याद्रीचा पायथा आणि मुंबई-गोवा महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात हे गाव आहे. देवळाच्या खालच्या अंगाला गरम पाण्याचा झरा. मूळ झऱ्याभोवती चिऱ्याचं लहान बांधीव कुंड, तिथून हातभर रुंदीच्या पन्हळीतून पाणी आंघोळीच्या दोन कुंडांत, एक बायकांचं, एक पुरुषांचं. पुढे ते पऱ्याला मिळतं.

असे झरे कोकणात नवलाचे नाहीत. पालघरमधल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या पट्टीत ते विखुरलेले आहेत: गणेशपुरी-वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, तुरळ, राजवाडी. पाणी कुठे कोमट, तर कुठे सत्तर अंशांच्या घरात. खाली ज्वालामुखी धगधगतो आहे, ही समजूत अजून ऐकू येते. पण दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. घडतं ते साधं आहे. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांनी खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ मध्ये देशातल्या भूऔष्णिक स्थळांचा ॲटलास काढला, त्यात पश्चिम किनाऱ्याचा हा पट्टा स्वतंत्र प्रदेश म्हणून आहे. पण भूऔष्णिक ऊर्जा म्हटलं की आपल्याकडे चर्चा जाते लडाखच्या पुगा खोऱ्याकडे आणि विजेकडे. साठ अंशांच्या पाण्यावर वीज करणं परवडत नाही, म्हणून कोकणच्या वाट्याला पर्यटनाचा फलक आणि कपडे बदलायची खोली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात उष्णतेचा थेट वापरही आहे. या गावातली हालचाल मात्र त्याआधीची.

सुरुवात केली एका निवृत्त चाकरमान्याने, गावाच्या काकांनी. मुंबईच्या एका रासायनिक कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस. आइसलँडबद्दल त्यांनी वाचलं होतं: रेक्याविकमध्ये १९३० साली सुमारे तीन किलोमीटर नळ टाकून झऱ्याचं पाणी शाळा, रुग्णालय, पोहण्याचा तलाव आणि काही डझन घरांपर्यंत नेलं, आणि आज जवळजवळ सगळं शहर त्याच पद्धतीने ऊब घेतं. आपल्याकडे घरं तापवायची गरज नाही. पण रोज सकाळी प्रत्येक घरात न्हाणीची चूल पेटते, बारा महिने. ते पाणी नळाने का देऊ नये?

पहिला प्रस्ताव आणि तो का मागे पडला

कल्पना वेडगळ नव्हती. माणशी दोन बादल्या ऊनपाणी धरलं तर वाडीची दिवसाची गरज झऱ्याच्या दोन-अडीच तासांच्या पाण्यात भागत होती. अडलं दुसरीकडेच.

नळाने उष्णता पुरवायची तर घरं जवळजवळ हवीत आणि मागणी वर्षभर हवी. इथे वाडी उतारावर पसरलेली आणि निम्म्या घरांना कुलपं. ती उघडतात शिमग्याला आणि गणपतीला. म्हणजे नळ टाकायचा चौसष्ट घरांसाठी, वापरणार तीसेक. त्यात सकाळी दोन तास सगळ्यांना एकदम पाणी हवं आणि बाकी वेळ नळात पाणी थंड होत पडणार.

दुसरी अडचण कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. नळाची वाट सहा गट नंबरांतून जात होती. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावं, वारस बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत. एका सामाईक जमिनीच्या सह्या गोळा करतानाच वर्ष गेलं, आणि शेवटी एका भावकीने "आधी वाटणी होऊ दे" म्हणून कागद परत केला.

पाण्याच्या तपासणीनेही उत्साह कमी केला. झऱ्याच्या पाण्यात क्लोराइड भरपूर, फ्लोराइड पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेवर. घरात नळ आला की कुणीतरी ते पाणी स्वयंपाकाला वापरणारच. या एका कारणावर प्रस्ताव थांबवला असता तरी ते योग्यच ठरलं असतं.

खरी अडचण पुढे येते

प्रस्ताव बारगळला त्याच ग्रामसभेत महिला बचत गटाच्या अध्यक्षांनी विचारलं, "काका, घरात नाय तर नाय, पन आमचे रातांबे सुकतील काय त्याच्यावर?"

रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, त्याच्या सालीचं आमसूल होतं. फळ पिकायला लागतं एप्रिलमध्ये, पण बराच माल हाती येतो मे संपता संपता आणि मिरगाच्या तोंडावर. आमसूल करायचं तर सालं रसात भिजवायची, सुकवायची, पुन्हा पुट द्यायचं, पुन्हा सुकवायची. कडक उन्हातही या सगळ्याला आठवडा जातो. वळवाचा एक पाऊस पडला की खळ्यातला माल बुरशीला लागतो, आणि मिरग सुरू झाल्यावर झाडाखाली पडलेल्या फळाकडे कुणी बघत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या चांगल्या जाती दिल्या आहेत, पण आगोटीच्या पावसावर या दोन्हींचा इलाज चालत नाही.

म्हणजे गरज होती जूनच्या तीन-चार आठवड्यांची, एका जागेवरची, देवळापासून शंभर पावलांवर. घरोघर नळ टाकण्याच्या मानाने हा प्रश्न फारच छोटा होता. माझ्या मते प्रकरण इथेच वळलं. आधी उष्णता होती आणि तिच्यासाठी वापर शोधला जात होता. आता एक नेमकं काम समोर होतं आणि त्याला किती उष्णता लागेल हे मोजता येत होतं.

कोणकोणते मार्ग तपासले

हिशेब काकांनी वहीत मांडला. एका खेपेत साधारण दोनशे किलो ओली सालं, पुटांचा रस धरून उडवायचं पाणी १९० किलो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनालाच १२७ युनिट. साध्या वाळवणयंत्रात जेमतेम तिसरा हिस्सा उष्णता कामी येते, तेव्हा खेपेला ३६० युनिट धरायचे. विजेच्या हीटरवर हा खर्च आमसुलाच्या भावात बसत नाही. लाकडावर करायचं तर साधारण १७० किलो जळण, तेही भर पावसात सुकं. सौर वाळवणघर गटाकडे आधीपासूनच होतं. मेपर्यंत ते उत्तम चालतं, जूनमध्ये त्याच्या छताखाली कोंबड्या बसतात.

बोअर मारून जास्त गरम पाणी काढावं, असंही एकाने सुचवलं. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेतच. पण त्याहून मोठी भीती झऱ्याची होती. ज्या भेगेतून पाणी वर येतं तिलाच बोअर लागली आणि कुंड आटलं, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ही सूचना फार वेळ टिकली नाही.

राहिला झरा. पावसाळ्यातल्या हवेत तापवून तरी काय सुकणार, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर वहीत सापडतं. २८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ४८ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. बाहेर धो धो पाऊस असला तरी वाळवणाच्या बंद पेटीतल्या मालाला कोरडी हवा मिळते. कुंडातल्या ६१ अंशांच्या पाण्यावर अशी हवा तापवता येणार होती.

देवाचं पाणी

आता गाठ गुरवांशी होती. झरा देवस्थानचा, कुंडात आंघोळीला लांबून माणसं येतात, संधिवाताचे, खरजेचे. पहिल्याच बैठकीत गुरव म्हणाले, "पान्याला हात लावायचा नाय. आंघोळीला आलेला मानूस थंड पान्यात उतरवायचा काय?"

काकांच्या पहिल्या आराखड्यात मूळ कुंडातून पाणी नळाने खालच्या शेडमध्ये आणायचं आणि वापरून पऱ्यात सोडायचं होतं. तांत्रिकदृष्ट्या हेच सगळ्यात सोपं आणि स्वस्त. गुरवांचा विरोध म्हणजे अंधश्रद्धा, असं गटातल्या दोन तरुण मुलींचं मत पडलं. अध्यक्षांनी त्यांना गप्प केलं आणि गुरवांनाच विचारलं, कोणत्या अटीवर चालेल ते सांगा.

अटी तीन निघाल्या. झऱ्याजवळ कुदळ चालवायची नाही. झऱ्याच्या पाण्यावर पंप बसवायचा नाही. कुंडातलं पाणी कुंडातच राहिलं पाहिजे. एखाद्या भूजलतज्ज्ञाला विचारलं असतं तर त्यानेही जवळपास हेच सांगितलं असतं. झऱ्याच्या तोंडाशी खोदकाम केलं की वाट बदलते, पंपाने उपसलं की शेजारचं थंड पाणी ओढलं जातं.

या अटींत बसणारा एकच मार्ग होता: पाणी घ्यायचंच नाही, फक्त ऊब घ्यायची. मूळ कुंड आणि आंघोळीची कुंडं यांच्या मधल्या पन्हळीत एक हौद करून त्यात नळ्यांचं वेटोळं बुडवायचं. नळ्यांमधून साधं विहिरीचं पाणी छोट्या पंपाने फिरणार, ते झऱ्याच्या उबेने तापणार, शेडमध्ये जाऊन हवा तापवणार आणि परत येणार. झऱ्याचं पाणी थेंबभरही कमी होत नाही.

पण ऊब घेतली म्हणजे आंघोळीचं पाणी थोडं निवणारच, आणि हे लपवायचं नाही असं गटाने ठरवलं. किती निवेल? झरा मे महिन्यात सेकंदाला दीड लिटर वाहत होता. त्यातून १५ किलोवॉट काढले तर तापमान सुमारे २.४ अंशांनी उतरतं. ६१ चं ५८ आणि काही. एवढ्या पाण्यात तसाही कुणी थेट उतरत नाही, कुंडात निवेपर्यंत थांबावं लागतं. काकांनी थर्मामीटर गुरवांच्या हातात दिला आणि वही त्यांच्याकडेच ठेवली. रोजची नोंद आजही तेच करतात.

शिमग्याला चाकरमानी आल्यावर गावकी बसली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात तिन्ही अटी एक एक करून सांगितल्या, मग कौल लावला. उजवा झाला, म्हणजे देवाचा होकार मिळाला. त्यानंतर देवस्थान आणि गट यांच्यात पाच वर्षांचा लेखी करार झाला: मोबदला म्हणून दरवर्षी ठरलेली रक्कम आणि हौदाची सफाई. कौल आधी आणि कागद नंतर, हा क्रम शहरातल्या माणसाला उलटा वाटेल. पण कौलानंतर एकाही मानकऱ्याने सहीला नकार दिला नाही, आणि नळाच्या प्रस्तावात नेमक्या सह्याच मिळत नव्हत्या.

प्रत्यक्ष काम

नळ्या कशाच्या करायच्या यावर बराच खल झाला. काकांचा जीव तांब्यावर. घरोघरचे बंब तांब्याचेच, उष्णताही तांबं फार चांगली नेतं. पण झऱ्याला कुजक्या अंड्यासारखा मंद वास होता, म्हणजे गंधकाचा वायू. तांब्याची एक पट्टी दोरीला बांधून पन्हळीत सोडली. आठवड्यात ती काळी पडली. तांबं बाद झालं. साध्या स्टेनलेस स्टीलला क्लोराइड बारीक भोकं पाडतं, म्हणून मॉलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं स्टील घेतलं. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आम्लांशी रोजचा संबंध असलेले फॅब्रिकेटर आहेत. त्यांच्यातल्या एकाने इंची नळीच्या सहा-सहा मीटरच्या दहा लांब्या वळवून वेटोळं करून दिलं. खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच होता, शेड आणि पेटी मिळूनही त्याच्या खाली.

नळ्यांवर पांढरा थर धरतो, तो चुन्याचा. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने निघतो. आगळाने, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाने, तांब्याची भांडी लखलखतात म्हणून तेच चोळावं, असं एका काकूंनी सुचवलं होतं. आगळात मीठ असतं आणि या स्टीलला नेमकं तेच नको, हे पटवायला थोडा वेळ लागला.

काय झालं

पहिली खेप मेच्या अखेरीस लागली. दोन दिवसांत आमसुलं तयार झाली. उन्हातल्यापेक्षा रंग जास्त लाल, वर धूळ नाही. गटात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि वहीतला आकडा ६१ वरून ५५ वर आला. वरून येणारं पावसाचं पाणी कुंडाच्या चिऱ्यांमधून आत झिरपत होतं आणि झऱ्यात मिसळत होतं. पेटीतली हवा ४३ अंशांवर घसरली, तिची आर्द्रता ३० वरून ३९ टक्क्यांच्या आसपास गेली, आणि दोन दिवसांची खेप तिसऱ्या दिवसावर गेली. ज्या महिन्यासाठी सगळा खटाटोप केला होता, त्याच महिन्यात झरा थंड व्हायचा.

त्यात वीज जायची. पंखा बंद पडला की पेटीतली हवा कोंदायची. एका रात्री सहा तास वीज नव्हती, ती खेप आंबूस वास मारायला लागली आणि आगळात वळवावी लागली.

दोन दुरुस्त्या केल्या. कुंडाच्या वरच्या अंगाला, पंधरा पावलं लांब, उथळ चर काढून उतारावरचं पाणी थेट पऱ्याला वळवलं. झऱ्याजवळ कुदळ नाही या अटीत हे बसतं का, ते गुरवांना आधी विचारलं. त्यांनी स्वतः जागा दाखवली. पुढच्या जूनमध्ये आकडा ५८ च्या खाली गेला नाही. पेटीवर पत्र्याचं उंच धुराडं बसवलं, त्यामुळे पंखा बंद असला तरी गरम हवा आपोआप वर ओढली जाते, आणि फिरत्या पाण्याचा छोटा पंप इन्व्हर्टरवर घेतला. खेप लांबते, पण वाया जात नाही.

दुसऱ्या हंगामात गटाने शेजारच्या दोन वाड्यांचे रातांबे विकत घेतले, पहिल्यांदाच. जूनचं फळ आता झाडाखाली कुजत नाही. जळण वाचलं म्हणावं तर आधीही कुणी जळणावर आमसुलं करत नव्हतं. अहवाल लिहिणाऱ्यांना लाकूडबचतीचा आकडा हवा असतो. इथे तो देता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तापमान फक्त मेमध्ये मोजलं गेलं. हौदाचं काम सुरू करण्याआधी एका पावसाळ्याची नोंद हातात असती, तर वेटोळं पंधरा-वीस टक्के मोठं केलं असतं आणि चर आधीच निघाला असता. एका थर्मामीटरचं काम होतं. असा विचार करणाऱ्या कुठल्याही गावाने झऱ्याचं तापमान आणि प्रवाह किमान मे, जुलै आणि ऑक्टोबर अशा तीन महिन्यांत मोजावा. पावसात प्रवाह वाढलेला दिसतो, पण त्यात थंड पाण्याची भर किती हे थर्मामीटरच सांगतो.

घरोघर नळाच्या प्रस्तावावर गेलेलं वर्ष वाचवता आलं असतं का? काकांना तसं वाटतं. मला शंका आहे. पाण्याची तपासणी, प्रवाहाचं माप, कुठल्या सह्या मिळणार नाहीत याचा अंदाज, हे सगळं त्याच वर्षात हाती आलं. मात्र पाण्याचा अहवाल आधी मागवून सह्या नंतर गोळा केल्या असत्या, तर भावकीतली कटुता टळली असती.

पेटी उरलेले महिने रिकामी असते, हे दुखणं अजून बाकी आहे. खाडीकाठच्या एका गावाने मासळी सुकवायला मागितली होती. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा वेळा एकमेकांच्या आड येत नव्हत्या. तरी गटाने नाही म्हटलं. वास पेटीतून जात नाही आणि देवळाच्या खाली बोंबील सुकवायला गुरव काय, गावातलं कुणीच तयार झालं नसतं. मला हा निर्णय बरोबर वाटतो. पण त्या गावाला नकार तोंडी आणि उशिरा कळला, ते टाळायला हवं होतं.

सध्या बोलणं चाललं आहे भाताचं. परतीच्या पावसात कापलेलं भात भिजतं आणि कोंब फुटतात. त्याला चाळीस अंशांची हवा पुरे, आणि बियाण्याला तर त्याहून जास्त चालतही नाही. प्रश्न पेटीच्या आकाराचा आहे: आमसुलांच्या ट्रेमध्ये भात फार थोडं मावतं. खाली जाळी आणि वर कणगीसारखा उंच डबा असा नवा साचा काकांनी काढला आहे. ऑक्टोबरमध्ये झऱ्याचा आकडा किती असतो, ते गुरवांच्या वहीत बघून डब्याचं माप ठरणार आहे.